तांडेलाची वीत

वसईतल्या पाचूबंदरच्या पास्कल तांडेलानं पस्तीस वर्षं दर्यावर काढली, आणि मग अठ्ठ्याण्णव साली एका सकाळी नांगराचा दोर ओढता ओढता त्याच्या कमरेत असं काही कडकन वाजलं, की होडीवरच्या पोरांना वाटलं फळी मोडली. फळी शाबूत होती. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडापुढं धरला आणि सांगितलं, "मणका सरकलाय. दोर ओढणं बंद, ओझं बंद, होडी बंद."

"मंग चालू काय?" पास्कलनं विचारलं.

"बसणं," डॉक्टर म्हणाला.

तांडेल म्हणजे होडीवरचा शेवटचा शब्द. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, कुणाला शिवी घालायची नि कुणाला चहा, सगळं त्यानं ठरवायचं. असा माणूस घरात बसला की घराचं काय होतं ते त्याच्या बायकोला, रोझमेरीला विचारावं. होडी मुलानं, जोएलनं, हातात घेतली. रोझमेरी सकाळी माणिकपूरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि दुपारी घरी आली की पास्कल तिची वाटच बघत असायचा. तांदूळ तीनदा का धुतेस, मीठ त्याच डब्यात का ठेवतेस, दार उघडं टाकलंस तर मांजर येईल. वर्षभर तिनं ऐकून घेतलं. मग एके दिवशी माळ्यावर चढली, पास्कलच्या आईचं जुनं हातमशीन खाली काढलं, त्याच्या पुढ्यात आदळलं आणि म्हणाली, "हे घ्या. आता हिच्याशी भांडा."

तो भांडला नाही. सुई त्याला नवी नव्हती. दर्यावर शिंपी नसतो. काही फाटलं की आपलं आपण शिवायचं. मशीनला तेल घातलं, चाक फिरवलं, आणि घरात खोळी सुरू झाल्या. उशांना अभ्रे झाले, रेडिओला खोळ झाली, मिक्सरला झाली, जोएलच्या मोटरसायकलच्या सीटला झाली. शेवटी मशीनलासुद्धा एक खोळ शिवली, तीही त्याच मशीनवर. रोझमेरी म्हणाली, "मलाबी एक शिवा आता. घरात मीच तेवढी बिनखोळीची राह्यलेय."

त्यानं तिला खोळ नाही, चंची शिवली. पानाची चंची, सहा कप्प्यांची. पान, सुपारी, चुना, कात, तंबाखू, आणि सहावा कप्पा असाच, पुढंमागं लागला तर. तेवढ्यात घरातलं कापड संपलं. जुने शर्ट संपले, जुने परकर संपले, एक पडदा गेला आणि दुसऱ्या पडद्याकडे पास्कल बघायला लागला तेव्हा रोझमेरीनं त्याच्यापुढं हात आडवा केला.

कापडाची सोय झाली ती त्या चंचीमुळेच. माणिकपुरात रोझलीन टीचर राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोंबलांच्या बाबतीत फार चोखंदळ. रोझमेरीकडे बोंबील निवडता निवडता त्यांची नजर चंचीवर गेली.

"ही कुठून आणलीस गं?"

"आनतेय कुठून? आमच्या म्हाताऱ्यानं शिवली."

टीचरनी चंची हातात घेतली आणि पहिल्यांदा आतून उलटी केली. शिवण उलट्या बाजूनं बघायची असते. सुलट बाजूनं कुणीही फसवतं. एकेक कप्पा त्यांनी बोटानं चाचपला.

"गुरुवारी पाठव त्याला माझ्याकडे. आम्ही चार बायका शिवायला बसतो. ज्याच्याकडे जे कापड असेल ते आणायचं, वाटून घ्यायचं, आणि काही लहानसहान करायचं."

"बायकांत पाठवू?" रोझमेरीला हसू आवरेना.

"शिवण बिघडवणारा नको. बाकी कुणीही चालतो."

गुरुवार बरा होता. गुरुवारी निम्मं माणिकपूर मासळी खात नाही, त्यामुळं रोझमेरी दुपारच्या आधीच घरी. पास्कलनं रविवारी चर्चात मिस्सेला घालायचा पांढरा शर्ट चढवला, पिशवीत उरलेल्या पडद्याचे तुकडे भरले आणि एसटीनं माणिकपूर गाठलं. टीचरच्या व्हरांड्यात चटया अंथरल्या होत्या. तो पायरीवर आला आणि आतलं बोलणं बंद झालं. बायका अशा गप्प झाल्या, की जणू फादर आले.

त्यातल्या जयवंतीबाई म्हणजे एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतल्या. मूळच्या चिपळूणकडच्या, पण नवरा चंद्रहास मुंबईत सरकारी नोकरीत, म्हणून इकडं फ्लॅट घेतलेला. बोलायला मोजक्या, शिवायला त्याहून मोजक्या. एक टाका वाकडा गेला तर दहा उसवणाऱ्या. दुसरी अश्लेषा, विरारच्या एका प्रसूतिगृहात नर्स, वयानं लहान, तोंडानं मोठी. आणखी दोघी शेजारच्या होत्या. जयवंतीबाईंनी पदर सावरला. अश्लेषा म्हणाली, "या काका, बसा. आम्ही चावत नाही."

त्या दिवशी पास्कलनं पाहिलं ते असं. मध्यभागी कापडांचा ढीग. कुणी घरच्या जुन्या साड्या आणलेल्या, कुणी शिंप्याकडची कात्रणं, कुणी वसई पूर्वेच्या गाळ्यांतून, कपड्यांच्या कारखान्यांतून मिळालेले तुकडे. आणि ढिगाभोवती नुसता शिष्टाचार. "तुम्ही घ्या ना." "नाही हो, तुम्हीच घ्या." "मला काय, मी काहीही घेईन." असं म्हणता म्हणता चांगले तुकडे एकेक करून कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याखाली सरकत होते. जांभळ्या रेशमाचा एक हातभर तुकडा होता. त्याच्याकडे सगळ्या बघत होत्या आणि सगळ्या तो नको म्हणत होत्या.

पास्कलला हे बघवेना. पस्तीस वर्षं त्यानं मासळी वाटली होती.

"टीचर, मी वाटे घालू?"

विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्यानं ढीग पुढ्यात ओढला. गुडघ्यांखालचंही मागून घेतलं, अगदी नाव घेऊन: "बाय, तुमच्या पायाखाली चिटाचा तुकडा हाय. द्या." रेशीम एका ढिगात तर त्याच्या तोडीला दुसऱ्या ढिगात दोन मोठे सुती, तिसऱ्यात लेस, असे त्यानं सहा ढीग लावले, मागं सरकून पाहिले, एकातला तुकडा दुसऱ्यात टाकला. मग अश्लेषाला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"बगायचं नाय. मी बोट ठेवतो, तू नाव सांग. ह्यो वाटा कोनाचा?"

"टीचरचा!" अश्लेषा भिंतीला म्हणाली.

"ह्यो?"

"माझा! नाही नाही, जयवंतीकाकूंचा."

जांभळं रेशीम जयवंतीबाईंना गेलं. दुपारभर नको नको म्हणणाऱ्या बाईंनी ते एका क्षणात पर्समध्ये टाकलं आणि वर चेन लावली. सगळ्या हसल्या, जयवंतीबाईही हसल्या, आणि पास्कलचं काम झालं. पुढच्या गुरुवारी त्याला कुणी "या" म्हटलं नाही. त्याची चटई आधीच अंथरलेली होती.

असं दीड वर्ष चाललं. बायकांनी त्याला पायपिंग शिकवलं, काज शिकवलं, चुण्या शिकवल्या. पातेलं धरायची फडकी, चष्म्याची घरं, टिकल्यांचे बटवे, देवघरातली आसनं. पास्कल देवघरातलं आसनही तितक्याच मन लावून शिवायचा, आणि त्याच्याकडच्या येशूच्या तसबिरीसाठी झालर जयवंतीबाई शिवून द्यायच्या. जयवंतीबाई त्याला 'भाऊ' म्हणायच्या. पण बाईंनी नुसतं 'भाऊ' म्हटलं तर ठीक. "भाऊ, जरा बघू" म्हटलं की समजायचं, उसवावं लागणार.

बंदरावर टिंगल व्हायचीच. फाटकी जाळी तुणताना फेबियन, त्याचा जुना सोबती, एकदा मोठ्यानं म्हणाला, "काय रं पास्कल्या, ऐकलं तू आता झबली शिवतोस?"

"शिवतो."

"मंग माजं पन एक शिव."

"तुज्या पोटाला झबलं नाय पुरत. होडीवरची ताडपत्री सोडून आन, बगतो."

टिंगलीचं त्याला काही नव्हतं. होडीवरून उतरल्यापासून त्याला कुणी काही विचारेनासं झालं होतं, त्याचं होतं. वारा कुठला, पाणी कसं, आज जावं का. आता हे सगळं जोएलला विचारत. घरात त्याला जेवायला बोलवत, बस. आणि गुरुवारी मात्र त्या व्हरांड्यात कुणीतरी कापड पुढं करून विचारायचं, "भाऊ, हे आडवं कापू की उभं?" तेवढ्यासाठी तो बुधवारी रात्रीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचा.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरच्या अखेरीस अश्लेषानं विषय काढला. तिच्या प्रसूतिगृहात लांबलांबच्या पाड्यांवरून बायका बाळंतपणाला येत. थंडीत बाळं घरी जायची ती डोक्याला आईचा पदर गुंडाळून. "पन्नास टोपडी करू या ना," ती म्हणाली. "नाताळाच्या आत. मी मेट्रनला सांगूनही आलेय."

"विचारायच्या आधी सांगून आलीस?" टीचर म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणणार नाही हे माहीत होतं ना."

प्रश्न कापडाचा होता. कात्रणांची टोपडी चालली असती, पण सगळी एकसारखी, मऊ हवीत. पुढच्या गुरुवारी जयवंतीबाई येताना फ्लॅनेलचं नवंकोरं कापड घेऊन आल्या. पांढरं, त्यावर पिवळी बदकं. त्यांची मुलगी आर्या पुण्याला होती, तिला चौथा महिना. तिच्या बाळाच्या लंगोट-दुपट्यांसाठी चंद्रहासरावांनी मुंबईहून ते आणलं होतं.

"आर्याला अजून अवकाश आहे," त्या म्हणाल्या. "तोवर दुसरं आणता येईल. पन्नास टोपड्यांना पुरेल, मी हिशेब करून बघितलंय. भाऊ, कापायचं तुम्ही घ्या. तुमची कात्री सरळ चालते."

जयवंतीबाईंनी कुणाचं काही सरळ आहे असं म्हणणं म्हणजे सर्टिफिकेट. पास्कलला कान गरम झाल्यासारखं वाटलं.

"माप सांगा."

"आपलं नेहमीचं," टीचर म्हणाल्या. "दोन विती लांब, एक वीत रुंद. मधे दुमडायचं, मागं शिवायचं, पुढं नाडी. झालं टोपडं."

व्हरांड्यात टेप होती, पण ती उंचीबिंचीच्या कामाला. टीचरनी त्यांच्या आईकडून शिकलेलं सगळं वितीत आणि बोटांत होतं, बायकांनाही तेच वळण पडलेलं. पास्कललाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जाळ्याची आस, म्हणजे भोक, बोटांनी मोजतात, दोर हातांनी, पाण्याची खोली वावांनी. टेप घेऊन दर्यात कोण जातो?

घरी चटईवर कापड पसरून त्यानं दोन दिवस कापलं. कमरेखाली उशी घेऊन, जिभेचं टोक बाहेर काढून. कात्री एकदाही वाकडी गेली नाही. तीस तुकडे झाले आणि कापड संपलं.

त्यानं पुन्हा मोजले. तीसच.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली: दुकानदारानं कापड कमी दिलं. होडीवर डिझेल कमी भरलं की कळतं तसं त्याला ते स्वच्छ कळलं. आणि कळलेलं चारचौघांत सांगायची त्याला तांडेलकीची सवय. गुरुवारी चटईवर बसता बसता त्यानं गठ्ठा मधे ठेवला आणि जाहीर केलं,

"टीचर, पन्नास नाय बसत. तीस बसली. जयवंतीबाय, तुमाला फसवलं. ह्यात वीस टोपड्यांचं कापड कमी हाय."

"कमी कसं असेल?" जयवंतीबाई म्हणाल्या. "मी घरी मोजलंय."

"तुमी मोजलं असंल हो, पन आनलं तुमच्या मालकानं ना? हापिसातल्या मानसांना कापडातलं काय कळतंय! दुकानदारानं हातोहात टोपी घातली त्यांना." आणि तो स्वतःच्या विनोदावर हसला. "आमी नुसतं बगून सांगतो, इथं पानी किती वाव हाय. कापडाचं काय घेऊन बसलात."

शेजारणींपैकी एक फिसकन हसली. जयवंतीबाईंचा चेहरा उतरला. लेकीच्या बाळाचं कापड त्यांनी दिलं होतं. वर नवऱ्याची टिंगल आणि आपण कमी दिलं हा बोभाटा. त्यांनी एक तुकडा उचलला, टीचरच्या मशीनवर घेतला आणि पाच मिनिटांत टोपडं शिवलं.

टीचरची एक रीत होती. पहिलं टोपडं नारळावर घालून बघायचं. सोललेला नारळ आणि नुकतं जन्मलेलं डोकं, दोन्हीचं माप जवळपास एक. आतून नारळ आला. जयवंतीबाईंनी टोपडं त्याच्यावर घातलं, आणि नारळ दिसेनासा झाला. नुसती बदकं उरली.

अश्लेषा आधी हसली. "हे बाळ नाहीये, काकू! ह्याला दाढी यायची वेळ झाली!"

मग तिच्या लक्षात आलं, की आणखी कुणी हसत नाही.

"पास्कल," टीचर शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हात दाखव."

त्यानं पंजा पुढं केला. टीचरनी आपला पंजा त्याच्यावर ठेवला, तळव्याला तळवा. टीचरची बोटं संपली तिथून पास्कलची बोटं चांगली दोन पेरं पुढं गेली होती. मग त्यांनी दोघांच्याही विती फ्लॅनेलवर मांडल्या. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत त्यांची एक वीत; त्याची एक वीत आणि वर चार बोटं.

पास्कल स्वतःच्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला. होडीवर वीत एकच असते, तांडेलाची. नवं जाळं आलं की त्याच्या पंजानं मोजायचं. सात खलाशांचे सात पंजे असतात हे कुणी ध्यानातही घेत नाही. पस्तीस वर्षं वीत म्हणजे त्याचाच हात. त्याला कधी कुणी सांगितलं नाही, की ती इतरांनाही असते.

"चूक माझी," टीचर म्हणाल्या. "मापाची पट्टी न देता गणित घातलं."

जयवंतीबाई नारळावरचं टोपडं काढून घडी घालत होत्या. "माझं कापड बरोबर होतं, टीचर," एवढंच त्या म्हणाल्या. पास्कलकडे बघितलं नाही.

टोपडं कोणी उसवलं असतं तर पास्कलनं शंभरदा शिवून दिलं असतं. पण हे उसवायचं कुठून? त्यानं तुकडे गोळा केले, पिशवीत भरले, "येतो" म्हणाला आणि पायऱ्या उतरला. एक हात त्यानं खिशात घातला होता, तो एसटीत चढतानाच बाहेर काढला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मशीनवर खोळ तशीच. चहा थंड होत होता, आणि मीठ कुठल्या डब्यात आहे याकडे त्याचं लक्ष नव्हतं. रोझमेरीला हेच जास्त झोंबलं.

"एवडं काय झालंय? मोठं कापलंय ना, लहान नाय ना? मोठं कापलेलं बारीक करता येतं."

"कापडाचं नाय गं. चूक माजी नि खोटी तिला पाडली. चारचौघांत. तिच्या नवऱ्यालाबी नाय सोडला."

"मंग हे तिला जाऊन सांगा. मला काय सांगता? मी काय तिची वकील?"

तो पिशवीतले तुकडे चाळत राहिला. मग म्हणाला, "उद्या मिस्सा झाली की जातो. जोएलला सांग, एक चांगली सुरमय ठेव बाजूला."

रोझमेरीनं कपाळावर हात मारला. "मार्गशीर्ष चालू हाय त्यांचा! मासलीचा वासबी चालनार नाय घरात. माफी मागाया जाताय का तिचा सन बाटवाया?" मासळी विकणाऱ्या बाईला हिंदूंचं पंचांग भटजीपेक्षा जास्त पाठ असतं. "रिकाम्या हातानं जा. चूक कबूल कराया सुरमय लागत नाय."

रविवारी तो एव्हरशाईनला गेला. गेटवरच्या वॉचमननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पिशवी बघितली आणि म्हणाला, "मछली नहीं, आज कोई नहीं लेगा."

"मच्छी नाय रं बाबा," पास्कल म्हणाला. "टोपड्या हाय." वॉचमनला काही कळलं नाही, पण त्यानं सोडलं.

तीन जिने. दर जिन्यावर कमरेनं आपलं नाव सांगितलं. दार चंद्रहासरावांनी उघडलं, बनियन आणि लेंगा, हातात पेपर. पास्कलनं दारातच सुरुवात केली, नाहीतर आत गेल्यावर धीर झाला नसता.

"सायेब, मी पास्कल. मी चारचौघांत बोललो, तुमाला कापडातलं कळत नाय. ते चुकलं माजं."

चंद्रहासरावांनी पेपर खाली केला. "पण मला खरंच कळत नाही हो," ते म्हणाले. "हिनं चिठ्ठी लिहून दिली होती, ती दुकानात दाखवली. या, या. अगं, ऐकलंस का? तुझे भाऊ आलेत!"

जयवंतीबाई आतून आल्या. पास्कल उभाच राहिला.

"जयवंतीबाय, तुमचं कापड बरोबर होतं. हात माजा वाईट."

"हात वाईट नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून सैल पडला नव्हता. "पण आधी विचारायचंत ना. 'बाई, कमी पडतंय, काय करू?' असं घरी येऊन विचारलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"होडीवर विचारायची सवय नाय. सांगायची हाय."

"मग लावून घ्या. ही होडी नाही." मग त्यांनी पिशवीकडे बोट केलं. "आणलेत ना तुकडे? काढा. मी तीन दिवस तेच मनात जुळवतेय."

जमिनीवर त्यांनी एक तुकडा पसरला आणि आपल्या वितीनं खरं माप टाकलं. एका बाजूला रुंद पट्टी उरत होती आणि खाली एक चिंचोळी. "अशा तीन रुंद पट्ट्या जोडल्या की एक टोपडं होतं. चिंचोळ्याही तीन जोडल्या की आणखी एक. म्हणजे पन्नास जवळजवळ भरतात. पण जोड आला की आतून कड येणार, आणि बाळाची टाळू किती नाजूक असते. रुतेल ती कड. इथंच माझं अडलंय."

पास्कल पहिल्यांदा खाली बसला.

"बाय, मी दहा वर्षांचा असताना होडीला शीड असायचं. आमी बापबेटे शीड शिवायचो. त्याचा जोड कधी बगितलात? दोनी कडा एकमेकीत दुमडायच्या, वरून सपाट टीप. वाऱ्यानं फाटत नाय, नि हातानं चाचपली तं लागतबी नाय."

"दाखवा."

त्यानं दाखवली. दोन पट्ट्यांच्या कडा एकीच्या पोटात दुसरी घालून, नखानं दाबून, बाईंच्या मशीनवर दोन टिपा मारल्या. जयवंतीबाईंनी तुकडा घेतला, पहिल्यांदा उलटा केला, मग तो गालावर फिरवला. डोळे मिटून.

"लागत नाही," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "पण तुमची दुसरी टीप जरा वाकडी गेलीय. उसवा."

त्यानं इतक्या आनंदानं कधी काही उसवलं नव्हतं. दुपारचे चार वाजेपर्यंत दोघं बसली. पास्कल कडा दुमडत होता, बाई टीप मारत होत्या. चंद्रहासराव दोनदा चहा ठेवून गेले आणि तिसऱ्यांदा पट्ट्या धरायला त्यांनाही बसवलं. निघताना बाईंनी उरलेल्या पट्ट्या सारख्या वाटून अर्ध्या त्याच्या पिशवीत घातल्या.

"बाकीच्या गुरुवारच्या आत करून आणा. आणि झालं गेलं संपलं आता. तिथं पुन्हा काढू नका."

"नाय," पास्कल म्हणाला. "ते नाय चालायचं. चारचौघांत बोललो, चारचौघांतच मागं घेनार."

"काही गरज नाही!"

"तुमाला नसंल. मला हाय."

गुरुवारी टीचरच्या व्हरांड्यात अठ्ठेचाळीस टोपडी रचून ठेवली होती. दोन जयवंतीबाईंनी नापास केली होती, त्यातलं एक स्वतःचंच. जोडलेली टोपडी शिवणीत कापड गेल्यामुळं थोडी लहान भरली होती. ती घाबरत घाबरत पुढं केली तर अश्लेषानं छातीशीच धरली. "हीच लागतात मला! कमी दिवसांची बाळं येतात ना, त्यांना बाजारातलं काहीच बसत नाही."

नाड्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. सगळ्या बसल्या. पास्कल मात्र चटईवर उभा राहिला, शर्ट खाली ओढला, आणि मिस्सेत वाचन करतात तसा हात बांधून म्हणाला,

"मागच्या गुरवारी मी ह्या इथं बोललो, जयवंतीबायचं कापड कमी हाय. कापड पुरं होतं. मी न विचारता मोठं कापलं नि वर त्यांनाच खोटं पाडलं. त्यांच्या मालकालाबी बोललो. ते मी मागं घेतो."

मागच्या वेळी फिसकन हसलेली शेजारीण मान खाली घालून दोरा शोधत राहिली. जयवंतीबाईंचे कान लाल झाले.

"झालं का भाषण?" त्या म्हणाल्या. "मग बसा आता. अठ्ठेचाळीस टोपड्यांच्या शहाण्णव नाड्या आहेत, त्या काय नारळ लावणार आहे?"

पास्कल बसला. बसताना कमर धरावी लागली, तेव्हा बाईंनी न बघताच आपल्या पाठीमागची उशी त्याच्याकडे सरकवली. नाड्यांच्या गुंडाळ्या मधे पडल्या होत्या. त्यानं दोन उचलल्या.

"बाय, विचारतो हां. पिवळी लावू का लाल?"

"पिवळी. बदकं पिवळी आहेत ना."

पास्कलनं पिवळी नाडी बदकांवर धरून बघितली, मान तिरकी केली, मग लाल धरली.

"मी लालच लावतो."

"मग विचारलंत कशाला?"

"तुमीच तं म्हनालात, विचारत जा."

"विचारत जा म्हणजे ऐकत जा!"

"ते नव्हतं सांगितलं," पास्कल म्हणाला, आणि त्यानं सुईत दोरा ओवला.